एकोणऐंशी रकान्यांचा पाऊस

आलेख काढण्याचा ग्नूप्लॉट नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्याला बटणं नाहीत, मेनू नाही. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. तो आकडे वाचतो आणि रेघ काढून देतो. टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोघांनी तो १९८६ साली लिहिला. विल्यम प्लेफेअरनं आलेखांचं पहिलं पुस्तक लंडनमध्ये छापलं ते १७८६ साली, तांब्याच्या पत्र्यावर कोरून आणि हातानं रंग भरून. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी माणूस टाइप केलेल्या फुल्यांवर (*) आला.

ग्नूप्लॉट रंगीत, गुळगुळीत आलेखही काढतो आणि ते शोधनिबंधांत छापून येतात, हे मला माहीत आहे. माझ्या वाट्याला ते येत नाहीत. आमच्या स्लॅबवर पर्जन्यमापक बसवला आहे. आत दोन कप्प्यांची छोटी डोली असते, ०.२ मिलिमीटर पाणी भरलं की ती एका बाजूला कलंडते आणि एक टिचकी मोजली जाते. टिचक्या मोजणारा तळहाताएवढा संगणक जिन्याखाली, दळणाच्या डब्यामागे ठेवला आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. त्याच्याशी लॅपटॉपवरून बोलायचं, तेही अक्षरांत. चित्र पाठवण्याची त्याची ऐपत नाही. तेव्हा पाऊस बघायचा तर फुल्यांत.

एवढं समजावून सांगितल्यावर गावात विचारतात, खिडकीतून काऊन पाहत नाही?

तर तक्रारी. सुरू होताच ग्नूप्लॉट आपलं नाव अक्षरं सुटी सुटी करून छापतो. खाली आवृत्ती, त्याखाली विल्यम्स, केली आणि इतर अनेक जणांचा हक्क, मग मदत हवी असल्यास कुठे बघावं त्याचा पत्ता. लग्नपत्रिकेत एवढाच मजकूर असतो, पण ती एकदाच येते. पुढे त्याला पडदा सापडत नाही, म्हणून तो कळवतो की टर्मिनलचा प्रकार आता ‘अज्ञात’ आहे. या अवस्थेत आलेख काढायला सांगितला तर तो नाही म्हणत नाही. काढतो. फक्त सोबत इशारा देतो की टर्मिनल अज्ञात असल्यामुळे काहीही दिसणार नाही. काम झालेलं आहे, ते दिसणार नाही, एवढंच. विकासकामांत निदान भूमिपूजनाची पाटी तरी दिसते.

यावर उपाय म्हणजे ‘सेट टर्मिनल डंब’. आपला पडदा मठ्ठ आहे हे आपण लेखी द्यायचं, की फुल्या सुरू. मठ्ठ पडद्याचं माप ठरलेलं आहे: ७९ रकाने आणि २४ ओळी. २४ ओळी, ८० रकाने हे १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलचं माप. त्यातला ८० हा आकडा आणखी जुना, आयबीएमच्या १९२८ च्या भोकं पाडायच्या कार्डाचा. ऐंशीतला एक रकाना ग्नूप्लॉटनं कापला तो बहुधा कडता म्हणून. वऱ्हाडात मालाचं माप झालेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही.

उरलेल्या ७९ मधून डावीकडचे आकडे आणि चौकट आपापला वाटा घेतात. पावसाळ्याच्या हातात राहतात सत्तरेक रकाने. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. म्हणजे एका रकान्यात पावणेदोन दिवस. हा हिशेब मी कोणाला सांगत नाही, पण शेजारच्या काकाजींना सांगावा लागतो. काकाजींचं वावर गावाबाहेर आहे, त्यात सोयाबीन आणि तूर. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेहून परतताना ते ‘जय गुरुदेव’ म्हणून ओसरीवर टेकतात आणि माझ्या पडद्याकडे निरखून बघतात.

“हा पाऊस तेवीस तारखेचा व्हय का चोवीसचा?”

“दोन्ही मिळून, काकाजी.”

“मंग पेरनी कोन्त्या तारखेची धरावं, बाबू?”

ग्नूप्लॉटकडे याचं उत्तर नाही. ‘साइज’ असा शब्द घालून रकाने वाढवता येतात. मी वाढवले. मग ओळ लॅपटॉपच्या पडद्यात मावेना, उरलेला भाग खालच्या ओळीत आला, आणि सप्टेंबर जुलैच्या अंगावर पडला.

वेळेच्या बाबतीत तर आमच्या मोझरी गावाला कोणी काही शिकवू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम इथे उभा केला आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला देहही इथेच ठेवला. दर वर्षी पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं गाव आणि गावात जमलेला समुदाय मौन पाळतो. पाचला नाही. ‘पाचच्या सुमारास’ तर नाहीच. त्या दिवसांत परतीचा पाऊस मंडपावर येतो की काय याची सगळ्यांनाच धास्ती असते, म्हणून मी दुपारचा आलेख काढून ठेवतो. ग्नूप्लॉट अक्षावर त्याच्या सोयीच्या वेळा मांडतो: ४:००, ४:३०, ५:००. मी ४:५८ ची वेगळी खूण घालायला सांगितली. तो ती घालतो. पण दोन मिनिटांना स्वतःचा रकाना मिळेल एवढी त्याची जागा नाही, म्हणून ४:५८ जाऊन ५:०० च्या उरावर बसते आणि तिथे एक अशी वेळ तयार होते जी कुठल्याच घड्याळात नाही.

आता आकड्यांचं. गावातल्या एका होतकरू मुलानं जुन्या वहीतला पाऊस टंकून दिला. मराठीची आवड असल्यानं आकडे देवनागरीत दिले. ४२, ७, ११, ६८. ग्नूप्लॉटला यातलं काहीच आकडा वाटत नाही. त्याच्या लेखी ही अक्षरं आहेत. तो सांगतो की फाइलमध्ये एकही ग्राह्य बिंदू नाही म्हणून ती वगळली, शिवाय क्ष-अक्षाची व्याप्ती अवैध आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरला आपल्याकडे अतिवृष्टी म्हणतात, पंचनामे होतात. ६८ मिलिमीटरच्या पावसात नाल्यावरचा रपटा वाहून गेला, तो पाऊस अग्राह्य.

आकडे इंग्रजी करून दिले, तरी ‘निरंक’ उरतो.

हा निरंक मला फार महागात पडला आहे, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर. वहीत ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी शून्य लिहिलेलं नाही. निरंक लिहिलेलं आहे. ज्या दिवशी मोजायला कोणी गेलं नाही त्या दिवशीही निरंक. पोळ्याला निरंक, रविवारी बहुतेक वेळा निरंक, आणि एका रविवारी मोझरीत गुडघाभर पाणी असल्याचं सगळ्यांना आठवतं, तिथेही वळणदार अक्षरात निरंक. वहीचं काही अडत नाही. माणसाला दोन्हीही चालतं. ग्नूप्लॉटला चालत नाही. त्याच्या मते शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हतं. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. या दोन गोष्टी तो काही केल्या एक मानत नाही, आणि तत्त्वतः त्याचं बरोबर आहे, हीच माझी तक्रार.

निरंक तसाच ठेवला तर तिथे रेघ तुटते. ऑगस्टमध्ये आलेखाला नुसती भगदाडं. मग ‘सेट डेटाफाइल मिसिंग’ हा हुकूम आहे. त्यानं निरंकला रीतसर बेपत्ता घोषित करता येतं. बेपत्ता आणि बाद यांतही ग्नूप्लॉट फरक करतो: बाद आकडा आला तर रेघ तोडायची, बेपत्ता असेल तर तो दिवस उगवलाच नाही असं समजून अलीकडचा बिंदू पलीकडच्या बिंदूला सरळ जोडून द्यायचा. आता ऑगस्ट २०२३ घ्या. १९०१ पासून देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पिकं माना टाकून होती, २१ दिवसांचा खंड पडला की नाही यावर पीकविम्याचा अग्रिम अडलेला, माणसं बोटांवर दिवस मोजत होती. माझ्या आलेखात जुलैअखेरच्या पावसातून निघालेली फुल्यांची रेघ संथपणे, कुठेही न थांबता, सप्टेंबरच्या पावसाला जाऊन मिळाली. महिनाभर रोज दहा-बारा मिलिमीटर, झिमझिम, नियमित. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात असतो तसा आदर्श पाऊस.

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा कोनाच्या वावरात पडला म्हंता?”

निरंकच्या जागी सरसकट शून्य भरणं हा तिसरा मार्ग आहे. तसं केलं की तो गुडघाभर पाण्याचा रविवार कोरडा होतो.

भावाचे आलेख काढायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण लोक ऐकत नाहीत. सोयाबीनचा भाव आणि आवक असे दोन रकाने, स्वल्पविरामानं वेगळे केलेले, कोणीतरी आणून दिले. आपण हजारानंतर स्वल्पविराम देतो. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये असा लिहितो. रकाने स्वल्पविरामानं तुटतात असं मी ग्नूप्लॉटला सांगितलेलं, त्यामुळे स्वल्पविराम दिसला की रकाना संपला. त्यानं ४ हा भाव घेतला आणि ८९२ ही आवक समजली. सोयाबीन चार रुपये क्विंटल. आलेख काकाजींसमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर सारला, जवळ येऊन पाहिला.

“बरोबर हाये,” म्हणाले.

मी समजावलं की यात चूक आहे, हा चार म्हणजे चार हजार. ते म्हणाले, खर्च वजा जाता चारच राहतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलेलं ज्यानं पाहिलं आणि मग हमीभावाखालीही विकलं, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय १०,००० चा ग्नूप्लॉटनं १० केला होता आणि ४,२०० चा ४, त्यामुळे शिखर आणि घसरण दोन्ही जिथल्या तिथे. आकडे सगळे खोटे आणि चित्र तंतोतंत खरं. अशा वेळी तक्रार कशाची करायची हे सुचत नाही, आणि तक्रार न सुचणं मला मानवत नाही.

धरणाचं प्रकरण याहून गंभीर आहे, कारण त्यात घबराट होती. अप्पर वर्धा धरण मोर्शीजवळ सिंभोऱ्याला आहे; त्याला तेरा दारं, आणि पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी ३४२.५० मीटर. अमरावती शहर ते पाणी पितं, आणि दारं उघडली की वर्धा नदीकाठची गावं फोन हातात घेऊन बसतात. पातळीचे आकडे रोज मोबाइलवर येतात. मी ते जिन्याखाली पोचवतो.

ग्नूप्लॉटला उभा अक्ष कुठून कुठवर घ्यायचा हे सांगितलं नाही तर तो स्वतः ठरवतो. सगळ्यात लहान आकडा तळाला, सगळ्यात मोठा डोक्याला. ऑगस्टच्या एका आठवड्यात पाणी ३४२.१० वरून ३४२.३० वर गेलं. वीतभर. पडद्यावर फुल्या डाव्या कोपऱ्यातल्या तळातून निघून उजव्या कोपऱ्यातल्या छताला भिडल्या. ओसरीवर कोणीतरी फोन काढून त्या पडद्याचा फोटो घेतला, आणि रात्री तो फोटो ‘धरण भरत आहे, सावध राहा’ या मजकुरासह माझ्याकडेच परत आला. खाली ‘कृपया पुढे पाठवा’. म्हणून मी अक्ष शून्यापासून घेतला. आता ३४२.१० आणि ३४२.३० यांत काहीच फरक उरला नाही. छताजवळ एक आडवी रेघ, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. धरण बारा महिने काठोकाठ. मे महिन्यातल्या पाण्याच्या फेऱ्यांची आठवण ज्यांना होती त्यांनी त्या रेघेकडे जसं बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

पुढे धरण भरलं आणि दारं वरखाली करून पातळी नेमकी ३४२.५० वर राखली गेली. रोज तोच आकडा. अभियंत्यांचं कौतुक करावं असं काम. ग्नूप्लॉट अडखळला. सगळे आकडे सारखे म्हणजे तळ आणि छत एकच. त्याला ते सोसत नाही. अशा वेळी तो इशारा छापतो की उभ्या अक्षाची व्याप्ती रिकामी आहे, आणि एक टक्का खाली, एक टक्का वर सरकून घेतो. एक टक्का म्हणजे फार नाही असं वाटतं. ३४२.५० चा एक टक्का साडेतीन मीटरला थोडा कमी. त्यानं अधिकृतपणे लिहून दिलं: ३३९.०७५ ते ३४५.९२५. पूर्ण पातळीच्या वर आणखी जवळजवळ साडेतीन मीटर जागा, आलेखावर, रिकामी, पाण्याची वाट बघत. तो पडदा मी कोणाला फोटो काढू दिला नाही.

आलेख दुसऱ्याला पाठवण्याचा विषय निघालाच आहे. गावाचा सगळा कारभार फोनवरच्या हिरव्या ॲपमधून चालतो. प्रार्थनेची सूचना, मयताची बातमी, बीटी बियाण्याची जाहिरात आणि हरवलेली म्हैस एकाच गटात. फुल्यांचा आलेख म्हणजे शेवटी मजकूरच, तेव्हा तो कॉपी करून गटात टाकता येतो. टाकला. काळ्या खिडकीत प्रत्येक अक्षराला सारखी जागा असते. फोनवर तसं नसतं. तिथे मोकळी जागा किरकोळ आणि फुली ऐसपैस. त्यामुळे प्रत्येक ओळ आपापल्या मर्जीनं डावीकडे सरकली, आणि लांब ओळी मोडून खाली उतरल्या. वर दोन फुल्यांच्या मध्ये चिकटून अक्षरं आली की त्या ॲपला वाटतं हे ठळक करायचं आहे; ते फुल्या गिळून टाकतं आणि अक्षरं जाड करतं. पाऊस नाहीसा आणि अक्षाची पाटी ठसठशीत. गटातून दोन प्रतिक्रिया आल्या. एक, ‘छान रांगोळी’. दुसरी, हात जोडलेले.

मागेपुढे तीन तीन बॅकटिक (`) घातले की ॲपसुद्धा सारख्या जागेची अक्षरं वापरतं. ते केलं. तेव्हा कळलं की फोनच्या रुंदीत एकोणऐंशी रकाने बसत नाहीत. फोन बनवणाऱ्यांनी आयबीएमचं कार्ड पाहिलेलं नसावं.

म्हणून मी ‘स्पार्क’कडे वळलो. झॅक होल्मन नावाच्या माणसाचा हा लहानसा प्रोग्रॅम. अक्ष नाही, चौकट नाही, फुल्या नाहीत. आठ उंचींचे आठ ठोकळे युनिकोडमध्ये आहेतच. आकडे द्या, तो तेवढ्या ठोकळ्यांची एक ओळ देतो. एका ओळीत एका पंधरवड्याचा पाऊस. गटात टाकली, मोडली नाही. मला बरं वाटलं, आणि मला बरं वाटलं की मी जरा जपूनच असतो.

स्पार्क दशांश कापून टाकतो. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर झाला तर तो पावसाचा दिवस. माझ्या डोलीनं मोठ्या कष्टानं तेरा टिचक्या देऊन २.६ नोंदवले, स्पार्कनं २ केले. हे एक वेळ सोडून देऊ. सगळ्यात लहान आकड्याला तो सगळ्यात लहान ठोकळा देतो, पण ठोकळा देतोच. म्हणजे शून्य मिलिमीटरलाही जमिनीलगत एक पट्टी दिसते. काकाजींनी तिच्यावर बोट ठेवलं. “एवढा तरी आला ना.” मी म्हटलं, हा शून्य आहे. ते म्हणाले, “शून्य कसा, दिसून रायला ना.”

खरी कमाल उघाडीत झाली. पाऊस गायब होता, सलग रोज शून्य. स्पार्कला दिलेले सगळे आकडे सारखे असले तर खालचा ठोकळा घ्यावा की वरचा हा प्रश्न त्याच्या लेखकालाही पडला होता, आणि त्यानं निकाल लावून ठेवला आहे: सगळे सारखे असतील तर मधला घ्यावा. आठांपैकी पाचवा. तेव्हा भेगा पडलेल्या जमिनीच्या त्या दिवसांत मोझरीच्या गटात माझ्या नावानं पावसाची ओळ गेली ती अशी: मध्यम, मध्यम, मध्यम, मध्यम, मध्यम. तिसऱ्या दिवशी एकानं विचारलं, तुमच्या स्लॅबवर टाकी गळते काय?

ब्रेल ठिपक्यांचं थोडक्यात आटोपतो. ग्नूप्लॉटच्या सहाव्या आवृत्तीत ‘ब्लॉक’ नावाचं टर्मिनल आलं, त्यात ब्रेलची अक्षरं वापरून रेघ काढता येते. एका रकान्यात आठ ठिपके बसतात, म्हणून रेघ खूपच बारीक येते. छान आहे. अंधांसाठी केलेली लिपी, आणि तिच्यात काढलेलं चित्र फक्त डोळसाला कळतं. बोटाला तो काचेचा पडदा लागतो आणि स्क्रीन रीडर लावला तर तो पाऊस सोडून ठिपके मोजत बसतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्या ठिकाणी चौकोनी डबे दिसतात.

मराठी पाट्यांचा विषय मात्र थोडक्यात आटोपणारा नाही. आलेखाच्या कोपऱ्यात ही रेघ कशाची ते लिहायची सोय असते. मी ‘पर्जन्यमान’ लिहिलं. आपल्या डोळ्याला ती पाच अक्षरं दिसतात. ग्नूप्लॉट प, र, हलन्त, ज, न, पुन्हा हलन्त, य, म, काना, न असे दहा मोजतो, दहा रकाने राखून ठेवतो आणि त्या हिशेबानं उजवीकडची चौकट बसवतो. पडदा जोडाक्षरं जोडून टाकतो. रकाने रिकामे पडत नाहीत, ओळच आखडते, आणि चौकटीची उजवी भिंत तेवढ्या एका ओळीत आत येते. ‘गुरुकुंज’ लिहिलं तर चार अक्षरांचे आठ. ‘मोझरी’ तीनाचे पाच. काही पडदे काना-वेलांटीला जागा देतात पण उकार आणि अनुस्वाराला देत नाहीत, त्यामुळे भिंत किती आत येणार ते गावाच्या नावावर ठरतं. तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या पावसाचे आडवे पट्टे काढले तेव्हा एकही पट्टा दुसऱ्याच्या सरळ रेषेत सुरू होईना. कुऱ्हा मागे, शेंदुरजना पुढे. पाऊस जास्त कुठे झाला यापेक्षा नावात जोडाक्षरं कुठे जास्त आहेत हे तो आलेख चांगला सांगत होता.

हे आजवर कोणाला सुटलं नाही असंही नाही. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट कार्ड काढलं होतं. डॉसच्या जमान्यात ते संगणकात खोचलं की काळ्या पडद्यावर देवनागरी व्यवस्थित उमटायची. इस्की या अक्षरप्रमाणाला आयएस १३१९४ हा क्रमांकही मिळाला, १९९१ साली. त्यानंतर युनिकोड आलं, रंगीत खिडक्या आल्या, आणि काळ्या पडद्यावर मराठी लिहिणारा माणूस शिल्लक असेल ही शंकाही कोणाला आली नाही. शेवटी मी रोमन लिपीत पाऊस लिहिलं. काकाजींच्या नातवानं ते ‘पॉज’ असं वाचलं. उघाड चालू होती, म्हणून दुरुस्त केलं नाही.

राहता राहिली तुलना. राज्यात महावेध प्रकल्पातून दोन हजारांवर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. विमा, पंचनामा, अनुदान, सगळीकडे मंडळाचा आकडा चालतो, स्लॅबवरचा चालत नाही. ते योग्यच आहे. प्रत्येकाच्या स्लॅबवर विश्वास ठेवला तर वऱ्हाडात रोज अतिवृष्टी होईल. तरी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत असं लोकांचं म्हणणं पडलं. पाऊस या वावरात पडतो आणि धुऱ्यापलीकडे पडत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते पडद्यावर बघायचं असतं.

रेघांऐवजी बिंदू मागितले तर मठ्ठ टर्मिनलवर पहिल्या मालिकेला ‘ए’ आणि दुसरीला ‘बी’ मिळतो. ‘ए’ म्हणजे माझा स्लॅब, ‘बी’ म्हणजे सरकार. ज्या दिवशी दोघांचं पटत नाही त्या दिवशी ‘ए’ आणि ‘बी’ वेगवेगळ्या उंचीवर व्यवस्थित दिसतात, भांडण स्पष्ट कळतं. ज्या दिवशी दोघांचा आकडा एकच येतो त्या दिवशी एका रकान्यात दोन अक्षरं मावत नाहीत. नंतर काढलेलं अक्षर आधीच्यावर बसतं. म्हणजे सहमतीच्या दिवशी ‘ए’ पुसला जातो. पूर्ण हंगामाचा आलेख पाहिला तर स्लॅब फक्त चुकण्यापुरता हजर होता असं वाटावं.

लोकांनी तसंच वाचलं. तुमचा तर जुळतच नाही म्हणाले. जिथे जुळतो तिथे तो दिसत नाही, हे सांगून पाहिलं. त्यावर ओसरीवर जी शांतता पसरली ती समजूतदारपणाची नव्हती.

म्हणून मी क्रम बदलला. आधी सरकार काढायचं, वर स्लॅब. आता जुळलेल्या दिवशी माझं अक्षर राहतं. नवा आलेख काकाजींनी वरपासून खालपर्यंत पाहिला, मग मागे रेलले आणि टोपी सारखी केली.

“मंग सरकार कुठी गेलं, बाप्पा?”